मिनी घोड्याचा अल्सर: ओळख, औषध आणि चाऱ्याचं गणित

मिनिएचर घोडा घरी आला की काही महिन्यांतच बहुतेकांच्या कानावर एक सल्ला येतो: याचं वजन वाढतंय, खाणं कमी करा. सल्ला बरोबरच असतो. मिनी फार थोड्या चाऱ्यावर भागवतो, बघता बघता अंगाने सुटतो, आणि सुटलेल्या मिनीला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली वेदनादायक सूज, गाठायला वेळ लागत नाही. मग मालक कुरण बंद करतो आणि सकाळ-संध्याकाळ मोजून मूठभर गवत टाकतो. मिनी ते तासाभरात फस्त करतो आणि उरलेला दिवस व अख्खी रात्र रिकाम्या पोटी उभा राहतो. वजन उतरतं, पण जठराला जखमा होतात. त्याच जखमा म्हणजे अल्सर.

म्हणून मिनीच्या बाबतीत एक गोष्ट पक्की धरून चाला. त्याला कमी खायला घालायचं आहे, उपाशी ठेवायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी साधता येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी पोट समजून घ्या

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं. पाचशे किलोच्या घोड्याच्या जठरात ८ ते १५ लिटर मावतं. मिनीचं त्याच हिशेबाने आणखी छोटं. दिवसभर थोडंथोडं चरत राहणाऱ्या जनावराचं हे पोट आहे. त्यात अॅसिड चोवीस तास पाझरत असतं, घोडा खात असो वा नसो. या अॅसिडला आवर घालते लाळ, कारण तिच्यात बायकार्बोनेट असतं. पण घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. समोर खाणं दिसलं म्हणून त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. तोंड थांबलं की लाळ थांबते, अॅसिड मात्र चालूच राहतं.

जठराचं अस्तर दोन प्रकारचं असतं. वरचा साधारण एक तृतीयांश भाग अन्ननलिकेच्या अस्तरासारखा असतो, त्याला अॅसिडपासून फारसं संरक्षण नसतं. खालचा भाग ग्रंथींचा. अॅसिड तिथेच तयार होतं आणि ते सोसायला तिथे चिकट स्रावाचा थर व भरपूर रक्तपुरवठा असतो. पोटात गवत असेल तर त्याचा जाड थर अॅसिडला खाली दाबून धरतो. पोट रिकामं असेल आणि घोडा दुडक्या चालीने किंवा त्याहून वेगाने पळाला, तर पोटातल्या दाबाने अॅसिड वर चढतं आणि उघड्या अस्तराला भाजतं.

वरच्या भागातले अल्सर बहुतेक वेळा असे होतात. खालच्या भागातल्यांचं कारण वेगळं: तिथला संरक्षक थरच कमकुवत होतो. ताण आणि काही वेदनाशामक औषधं हे त्यातले मोठे संशयित. युरोपियन कॉलेज ऑफ इक्वाइन इंटर्नल मेडिसिनने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञमतात हे दोन आजार वेगवेगळे धरा असं स्पष्ट सांगितलं. नवख्या मालकाला हा फरक माहीत असावा, कारण एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला अपुरं पडतं.

पहिली पायरी: खाताना बघा

अल्सरची लक्षणं बोलकी नसतात. त्यामुळे खुराक ठेवून निघून जाऊ नका; पाच-दहा मिनिटं तिथेच उभे राहा. अल्सर असलेला मिनी बऱ्याचदा उत्साहाने पुढे येतो, भांड्यात तोंड घालतो, दोन घास खातो आणि मग मान वर करतो. वरचा ओठ मुडपतो, जरा बाजूला होतो, गवताच्या दोन काड्या ओढतो, पुन्हा भांड्याशी येऊन हुंगतो आणि सोडून देतो. धान्य किंवा पेलेट टाकून गवताकडे वळणं ही मोठी खूण आहे. ज्याने आजवर भांडं चाटून पुसून ठेवलं तो असं करायला लागला, तर ‘नखरे करतोय’ म्हणून सोडून देऊ नका.

याशिवाय दात करकर खाणं, खाल्ल्यावर थोड्या वेळाने पोटाकडे वळून बघणं, पुन्हापुन्हा येणारा सौम्य पोटशूळ, निस्तेज केस, चिडचिड. गाडीला जुंपत असाल तर तंग आवळताना कान मागे टाकणं, हवेत चावा घेणं, पोट आत ओढणं. पूर्वी आनंदाने पळणारा मिनी दुडकी चाल धरायला कुरकुर करतो. मोठ्या घोड्याला पातळ लीद झाली की अनेकजण थेट अल्सरवर बोट ठेवतात. त्यामागचं कारण सहसा आतड्यात असतं, जठरात नव्हे.

आणि एक गैरसमज काढून टाका: अल्सर असलेला घोडा हाडकुळाच असतो असं नाही. गुबगुबीत मिनीलाही अल्सर होतो.

हीच लक्षणं दुसऱ्या दुखण्यांतही दिसतात. मिनीत पहिला संशय दातांवर घ्यावा. त्याचं डोकं लहान झालं, पण दात त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. जबड्यात गर्दी होते, दात वाकडे येतात, टोकं गालाला लागतात. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे सापडले तर दुखणं तोंडात आहे. नीट न चावलेला चारा पुढे आतड्यात लिदीचा घट्ट गोळा होऊन अडकतो, आणि मिनीत हा प्रकार मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त दिसतो. जंत, पोटात साठलेली वाळू आणि सुरुवातीचा लॅमिनायटिस यांचीही तपासणी त्याच भेटीत करून घ्या.

थांबायचं नाही अशा वेळा

हा भाग मिनीच्या मालकाने पाठ करावा. मोठा घोडा एखादा दिवस कमी खाऊन निभावून नेतो. मिनी, शेटलंड पोनी आणि गाढव यांचं तसं नाही. खाणं बंद झालं की त्यांचं शरीर साठवलेली चरबी वेगाने रक्तात सोडतं. ती इतकी वाढते की रक्ताचा पातळ भाग दुधाळ दिसतो, यकृतात चरबी भरते आणि यकृत निकामी होऊ लागतं. याला हायपरलिपिमिया म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. लठ्ठ मिनी, गाभण घोडी आणि शिंगराला पाजणारी घोडी यांना सर्वांत जास्त धोका.

म्हणजे अल्सरच्या दुखण्याने मिनीने खाणं टाकलं, तर अल्सरपेक्षा उपासच आधी त्याचा घात करू शकतो. त्याने दोन वेळचं खाणं पूर्ण नाकारलं, मलूल होऊन मान खाली घालून उभा राहिला, तर ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. रक्तातल्या ट्रायग्लिसराइडची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.

लोळणं, घाम फुटणं, लीद बंद होणं, हिरड्या गडद लाल किंवा फिकट पडणं, शांत उभं असतानाही नाडी मिनिटाला साठच्या वर जाणं यांपैकी काहीही दिसलं तर तो तातडीचा पोटशूळ समजा. अल्सरचं औषध देऊन वाट बघण्याची ती वेळ नव्हे.

शिंगरांची गोष्ट आणखी नाजूक. शिंगरू दात करकर खातंय, तोंडातून लाळ गळतेय, पाठीवर पडून पाय वर करतंय, आईचं दूध अर्ध्यावर सोडतंय, तर तास मोजू नका. शिंगराच्या जठराला भोक पडेपर्यंत बाहेरून फारसं काही न दिसणंही शक्य असतं.

निदान: दुर्बीण आणि उपासाचा पेच

अल्सर आहे की नाही, कुठे आहे आणि किती खोल आहे, हे खात्रीने सांगणारी तपासणी एकच: गॅस्ट्रोस्कोपी. नाकातून कॅमेऱ्याची लवचीक नळी जठरापर्यंत नेऊन आत बघतात. वरच्या भागातल्या अल्सरना ० ते ४ अशी श्रेणी देतात. लिदीतलं रक्त तपासण्याचे संच मिळतात, पण त्यांच्या भरवशावर निदान करू नका. जठरातून निघालेलं रक्त लांबलचक आतड्यातून जाताना बहुतांशी पचून जातं.

जठर रिकामं असल्याशिवाय नळीतून काही दिसत नाही, म्हणून मोठ्या घोड्याला साधारण १२ ते १६ तास उपाशी ठेवतात. मिनीच्या बाबतीत पेच इथेच आहे. त्यामुळे वेळ ठरवताना काही गोष्टी पशुवैद्याशी आधीच बोलून घ्या. मिनीचं नाव दिवसाच्या यादीत पहिलं असावं. उपास किती तासांचा, हे त्याचं वजन, गाभणपण आणि आधीची तब्येत बघून ठरावं. लठ्ठ मिनी असेल तर आधी रक्त तपासावं. नाकपुडी लहान असल्याने बारीक व्यासाची नळी लागेल, ती उपलब्ध आहे का तेही विचारा. उपासाच्या रात्री तोंडाला जाळी बांधा, नाहीतर तो अंथरलेला पेंढा आणि स्वतःची लीदही खाईल. तपासणी झाल्यावर गुंगी पूर्ण उतरेपर्यंत खायला देऊ नका, घास घशात अडकतो. गुंगी उतरली की मात्र लगेच भिजवलेलं मऊ गवत समोर असू द्या.

कधी पशुवैद्य दुर्बिणीचा धोका नको म्हणून थेट औषध सुरू करून फरक बघतात. मिनीसाठी हा निर्णय समजण्यासारखा आहे. फक्त, दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर तेच औषध पुढे ओढत बसू नका. मग दुर्बीण हवीच.

वजन मोजा, अंदाज नको

३४ इंचांपर्यंतचा मिनी (अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची हीच मर्यादा आहे, आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजलेली) साधारण ७० ते ११० किलोंचा असतो. इतक्या छोट्या जनावरात वीस किलोंची चूक म्हणजे औषधात पाचव्या हिश्श्याची चूक. जनावरांचा वजनकाटा मिळाला तर सर्वांत उत्तम. नसेल तर शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या कोपरांच्या लगेच मागून, पाठीवरच्या उंचवट्यावरून फिरवून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये.

घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं. घेर १०५ आणि लांबी ९८ असेल तर वजन भरतं ९१ किलो. हे सूत्र मोठ्या घोड्यांवरून आलेलं आहे, म्हणून मिनीत ते अंदाज म्हणूनच वापरा आणि आकडा पशुवैद्याला दाखवून पक्का करा. केसांच्या दिवसांत टेप केसांवरून नुसती फिरवली तर घेर फुगतो. केस दाबून, टेप कातडीला टेकवून घ्या.

त्याच वेळी तळवा सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा. दाट केसांखाली मिनी गोल दिसतो आणि हात लावल्यावर बरगड्या टोचतात, असंही होतं. उलट, दाबूनही बरगडी लागत नाही इतकी चरबीही सापडते. डोळ्यांनी दिसलं त्यावर मिनीचं खाणं ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

औषध

घोड्याच्या अल्सरवरचं मुख्य औषध ओमेप्राझोल. ते अॅसिड तयार होणंच कमी करतं. घोड्यांसाठीच्या पेस्टची उपचाराची नेहमीची मात्रा किलोमागे ४ मि.ग्रॅ., दिवसातून एकदा, २८ दिवस. वरच्या ९१ किलोंच्या मिनीला रोज ३६४ मि.ग्रॅ. झाले. एका प्रचलित पेस्टच्या सिरिंजमध्ये २.२८ ग्रॅम औषध असतं, ते सुमारे ५७० किलोंच्या घोड्याचा एक दिवस भागवतं. या मिनीला तीच सिरिंज सहा दिवस पुरेल. सिरिंजवरच्या खुणा मोठ्या घोड्यांच्या हिशेबाने असतात. म्हणून तुमच्या मिनीची मात्रा नेमकी किती, हे पशुवैद्याकडून पेस्टच्या ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि सिरिंजवर स्वतःची खूण करा. छोट्या सिरिंजमध्ये भरून द्यायचं असेल तर तेही विचारूनच.

वेळ मात्रेइतकीच महत्त्वाची आहे. भरल्या पोटी हे औषध नीट शोषलं जात नाही. सकाळी, दिवसाच्या पहिल्या खाण्याआधी द्या, मग ३० ते ६० मिनिटांनी चारा टाका. खाणं आलं की जठरातले अॅसिड बनवणारे पंप जोरात सुरू होतात, आणि नेमक्या त्या वेळी औषध रक्तात असायला हवं. हा तासाभराचा उपास मिनीला बाधत नाही. पण औषध दिलं आणि चारा टाकायला विसरलात, असं होता कामा नये.

द्यायची रीत अशी. आधी तोंडात गवताचा घास नाही ना, बघा. असेल तर औषध त्या घासाला चिकटून बाहेर पडतं. मिनीच्या बाजूला गुडघ्यावर बसा, वरून झुकू नका. वरून आलेल्या माणसाला तो बिचकतो. एक हात नाकाच्या हाडावर हलकेच ठेवा. ओठांच्या कोपऱ्यात, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून सिरिंज आत सरकवा, टोक जिभेच्या मागच्या भागावर येऊ द्या, हळू दाबा. हनुवटी थोडा वेळ किंचित वर धरा. जिभेने तो पेस्ट चाखायला लागला आणि गिळला, की सोडा. तोंड आधी थोड्या पाण्याने धुऊन घेतलंत तर काम आणखी सोपं होतं.

माणसांच्या ओमेप्राझोल कॅप्सूल फोडून, दाणे कुटून चाऱ्यात मिसळणं टाळा. ओमेप्राझोल अॅसिडमध्ये नष्ट होतं, म्हणून दाण्यांवर संरक्षक आवरण असतं. दाणे कुटले किंवा घोड्याने चावले की आवरण गेलं आणि औषधही. घोड्यांच्या पेस्टमध्ये या संरक्षणाची सोय केलेली असते.

खालच्या, ग्रंथींच्या भागात अल्सर असेल तर नुसतं ओमेप्राझोल बऱ्याचदा अपुरं पडतं. मग पशुवैद्य सुक्रालफेट जोडतात. ते जखमेवर चिकटून थर धरतं आणि दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं. इतर तोंडावाटे दिलेल्या औषधांच्या शोषणात ते अडथळा आणतं, म्हणून आधी ओमेप्राझोल, मग साधारण तासाभराने सुक्रालफेट. मिसोप्रोस्टॉल हाही एक पर्याय आहे, पण गाभण घोडीला तो देत नाहीत आणि गरोदर बाईने त्या औषधाला हातही लावू नये, कारण त्याने गर्भपात होऊ शकतो. घरात कोणी गरोदर असेल तर ते पशुवैद्याला आधीच सांगा.

खाण्याचा सोडा आणि माणसांची अँटासिड यांचा परिणाम फार तर एक-दोन तास टिकतो. अल्सर भरायला सतत कमी अॅसिड लागतं; तासाभराच्या आरामाने जखम भरत नाही.

चारा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

औषधाने जखम भरते. ती पुन्हा होणार की नाही, ते चारा ठरवतो.

वजन उतरवायचं असलेल्या मिनीला रोज वजनाच्या सुमारे दीड टक्का कोरडा चारा लागतो. ठीक वजनाच्या मिनीला दोन टक्क्यांच्या आसपास. ९१ किलोंच्या मिनीला दीड टक्का म्हणजे १.४ किलो कोरडा भाग. वाळलेल्या गवतातही थोडं पाणी असतं, म्हणून प्रत्यक्षात दीड-पावणेदोन किलो गवत. ही रक्कम डोळ्यांना फार छोटी दिसते. मोठ्या घोड्यांच्या सवयीने उचललेली एक पेंढी त्याहून सहज जास्त भरते, म्हणून ताणकाटा घ्या आणि रोज तोला. दीड टक्क्याच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका; मिनीत तिथूनच पुढे उपासाचे धोके सुरू होतात.

आता खरं काम: हे दीड-पावणेदोन किलो चोवीस तास पुरवायचं. दोन चाऱ्यांमध्ये सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडलं की अल्सरचा धोका वाढतो, हे मोठ्या घोड्यांमध्ये दिसून आलेलं आहे. मी मिनीसाठी चार तास धरायला सांगेन. दिवसात चार-पाच वाटे करा. सर्वांत मोठा वाटा रात्री निजण्यापूर्वी ठेवा, कारण सर्वांत लांब उपास रात्रीचाच असतो. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरलं की तोच चारा दुप्पट-तिप्पट वेळ पुरतो. मिनी फार पटपट काढायला शिकला तर एका जाळीवर दुसरी चढवा.

जाळीचा एक धोका नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. मिनीचा खूर इतका लहान असतो की मोठ्या भोकात तो सरळ अडकतो. म्हणून भोकं बारीकच हवीत आणि जाळी जमिनीवर मोकळी टाकू नये. फार उंच टांगली तर गवताचे कण डोळ्यांत पडतात आणि मान आखडते. छातीच्या उंचीला घट्ट बांधलेली जाळी चांगली; किंवा बसक्या पेटीत गवत ठेवून वर जाळी घट्ट ताणून बसवा, म्हणजे तो नैसर्गिक रीतीने मान खाली घालून खाईल. कुंपणाच्या आत चार ठिकाणी थोडंथोडं ठेवलंत तर चालणंही होतं.

गवत कमी साखरेचं निवडा. साखर जास्त असल्याची शंका असेल तर थंड पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा, पाणी फेकून द्या आणि गवत त्याच दिवशी संपवा. उन्हात ओलं पडलेलं गवत आंबतं. वजन भिजवण्याआधी करा. भिजवताना क्षारही धुऊन जातात, त्यांची भरपाई करणारा खनिजांचा खुराक पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

लसूणघास, म्हणजे ल्युसर्न, अल्सरच्या घोड्याला उपयोगी पडतो. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं अॅसिड काही प्रमाणात शोषून घेतात. पण तो पौष्टिक आहे, मिनीला लगेच अंगी लागतो. रोजच्या चाऱ्यातला थोडा भाग काढून त्या जागी द्या, वरून भर घालू नका. नुसता पेंढा किंवा कडबा हा एकमेव चारा असता कामा नये; त्याने अल्सरचा धोका वाढतो आणि आतड्यात अडकण्याचाही. गवतात थोडा मिसळायला हरकत नाही.

धान्याचं गणित एकदा स्वतः करून बघा. एका वेळी किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको आणि दिवसात २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ९१ किलोंच्या मिनीला एका वेळची मर्यादा ९१ ग्रॅम स्टार्च. ओटमध्ये वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के स्टार्च असतो, म्हणजे २०० ग्रॅम ओटमध्येच ही मर्यादा गाठली जाते. प्रेमाने टाकलेल्या दोन ओंजळींत काम होऊन जातं. मका तर ओटपेक्षाही पुढे. बहुतेक मिनींना धान्याची गरजच नसते. ते बंद करा, आणि त्या जागी गवताचा एक जास्तीचा छोटा वाटा द्या. मिनीची ओढ चघळण्याकडे असते, आणि गवत चघळायला खूप वेळ लागतो.

पाणी नेहमी समोर हवं. काठ मिनीच्या उंचीचा आहे ना, तेही बघा; मोठ्या घोड्यांच्या हौदात तळाशी गेलेलं पाणी त्याच्या तोंडाला लागत नाही. घामानंतर द्यायची क्षारांची तीव्र पेस्ट रिकाम्या पोटी देऊ नका, ती जठराला झोंबते.

काम, प्रवास, सोबत

गाडीला जुंपण्याआधी अर्धा तास मूठभर गवत किंवा लसूणघासाचा चुरा द्या. रिकाम्या पोटी कधीच पळवू नका. प्रवासात जाळी समोर बांधलेली असावी आणि वाटेत थांबून पाणी पाजावं.

एकटा मिनी सुखी नसतो. दुसरा मिनी सोबतीला असणं सर्वांत चांगलं. मोठ्या घोड्याबरोबर सोडाल तर एका लाथेने त्याचं हाड मोडू शकतं. दोन मिनी असतील तर चाऱ्याच्या जागा घोड्यांपेक्षा एकने तरी जास्त ठेवा. दांडगा एक जागा अडवून बसतो आणि दुबळा उपाशी राहतो. सोबती विकला गेला, जागा बदलली, घोडी-शिंगरू वेगळे झाले, अशा आठवड्यांत खाण्यावर दुप्पट लक्ष ठेवा. असा मोठा बदल येणार असेल तर प्रतिबंधासाठी कमी मात्रेत ओमेप्राझोल द्यावं का, हे आधीच विचारता येतं.

वेदनाशामकांबद्दल: फेनिलब्युटाझोन आणि फ्लुनिक्झिन जठराचं संरक्षण कमी करतात, आणि पोनी-मिनींना फेनिलब्युटाझोन जास्त सहज बाधतं. लॅमिनायटिस झालेल्या मिनीला ते घ्यावंच लागतं, म्हणून ते स्वतःहून बंद करू नका; पण मात्रा मोजलेल्या वजनावर ठरवून घ्या, अशी दोन औषधं एकत्र कधीच देऊ नका, आणि ‘सोबत ओमेप्राझोल आहे, मग काही होत नाही’ असं समजू नका. आतड्याला ते संरक्षण देत नाही.

औषध थांबवताना

चार आठवडे झाले, मिनी नीट खातोय, म्हणजे अल्सर भरला असं नाही. शक्य असेल तर पुन्हा दुर्बीण करून बघतात. वरच्या भागातले अल्सर बहुतेक वेळा या मुदतीत भरतात. खालच्या भागातल्यांना जास्त वेळ लागतो आणि औषध बदलावंही लागतं.

ओमेप्राझोल एकदम बंद केलं की काही दिवस अॅसिड पूर्वीपेक्षाही जोरात सुटतं. मात्रा हळूहळू उतरवायची का, हे पशुवैद्य सांगतील. तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे त्या आठवड्यात प्रवास, प्रदर्शन, चाऱ्यातला बदल, नवा घोडा आणणं, सगळं टाळणं, आणि रात्रीच्या जाळीत एकही दिवस खंड न पाडणं. दुसऱ्यांदा औषध सुरू करण्याची वेळ आली तर टेप पुन्हा हातात घ्या. दरम्यान मिनीचं वजन बदललेलं असेल, आणि जुन्या मात्रेचा कागद मग उपयोगाचा नाही.